प्राथमिक आरोग्य केंद्राचा दर्जा: मोजतो कोण, सुधारतो कोण

२००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं होतं. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हा आकडा ८९ च्या घरात पोचला. महाराष्ट्रात तर शंभरातली ९४-९५ बाळंतपणं आता कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात होतात. जननी सुरक्षा योजना, १०२ आणि १०८ च्या गाड्या, गावोगावच्या आशाताई या सगळ्यांनी मिळून पंधरा वर्षांत घडवलेला हा बदल साधा नाही. मात्र बाई दवाखान्याच्या दारात पोचली की काम झालं, अशी समजूतही याच काळात यंत्रणेत रुजली. दाराच्या आत तिचा रक्तदाब कुणी मोजला का? वाढलेला दिसला तर पुढे काय केलं? बाळ जन्मल्याबरोबर रडलं नाही, तर त्याला श्वास द्यायची ॲम्बू बॅग हाताशी होती का, आणि ती वापरायचा सराव सिस्टरला होता का? हे प्रश्न दर्जाचे आहेत आणि त्यांची उत्तरं बाळंतपणांच्या संख्येतून मिळत नाहीत.

जगभरातही हाच अनुभव आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०१८ साली आला, आणि त्यासोबत गरीब व मध्यम उत्पन्नाच्या १३७ देशांतल्या टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध झाला. वर्षाला असे सुमारे ८६ लाख मृत्यू होतात. त्यातले ३६ लाख लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. उरलेले ५० लाख पोचले होते, पण त्यांना मिळालेली सेवा निकृष्ट होती. म्हणजे दवाखान्यापर्यंत न पोचल्यामुळे जितकी माणसं दगावतात, त्याहून जास्त पोचूनही दगावतात. या हिशेबानंतर ‘आधी सगळ्यांपर्यंत पोचू, दर्जाचं मग बघू’ हा क्रम धरून ठेवायला काही आधार उरत नाही.

दर्जा म्हणजे नेमकं काय, याची सर्वांत टिकलेली मांडणी अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली केली. त्यांनी तीन भाग केले: साधनं, प्रत्यक्ष उपचाराची रीत आणि परिणाम. आपल्याकडे भर राहिला तो पहिल्या भागावर. सपाट भागात ३० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण पाच हजार आणि तीन हजार. इमारत केवढी हवी, किती माणसं हवीत, कोणती औषधं आणि उपकरणं हवीत, याची भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं २००७ साली आली आणि २०१२ व २०२२ मध्ये सुधारली गेली. महाराष्ट्रात आज १,८०० हून जास्त प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १० हजारांहून जास्त उपकेंद्रं आहेत. साधनांचा आग्रह योग्यच आहे. वीज नसलेल्या केंद्रात लस टिकत नाही आणि पाणी नसलेल्या प्रसूतिकक्षात हात धुतले जात नाहीत. पण साधनं आली की रीत आपोआप सुधारते, हे गृहीत धरणं चुकीचं ठरलं आहे.

त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आपल्याच देशातून आला. अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि मध्य प्रदेशात प्रशिक्षित माणसं ‘रुग्ण’ म्हणून दवाखान्यांत पाठवली. सगळ्यांची तक्रार ठरलेली आणि सांगायची पद्धतही ठरलेली. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत एका रुग्णाला मिळालेला सरासरी वेळ होता ३.६ मिनिटं. विचारायला हव्यात अशा प्रश्नांपैकी बहुतेक विचारलेच गेले नाहीत. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. तेच सरकारी डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात बसले, की त्याच तक्रारीच्या रुग्णाला जास्त वेळ देत आणि योग्य उपचार देण्याचं प्रमाणही वाढे. ज्ञान तेच, माणूस तोच, बदलली ती फक्त खुर्ची. दिल्लीतल्या आधीच्या अभ्यासातही डॉक्टरांना जे माहीत असतं आणि ते जे प्रत्यक्ष करतात, यांतली दरी सरकारी दवाखान्यांत मोठी निघाली होती. आपल्या यंत्रणेत कुठलीही उणीव दिसली की पहिला उपाय असतो प्रशिक्षण. दोन दिवसांची कार्यशाळा, पिशवी, वही, प्रमाणपत्र. माहीत असूनही जे होत नाही, ते कार्यशाळेने कसं होणार, हा प्रश्न आढाव्याच्या बैठकीत कधी निघत नाही.

आता दर्जा मोजण्याच्या सध्याच्या व्यवस्थेकडे येऊ. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं, बोलीभाषेत ‘एनक्यूएएस’, २०१३ मध्ये आधी जिल्हा रुग्णालयांसाठी आली आणि पुढच्या वर्षी प्राथमिक केंद्रांसाठी. आठ क्षेत्रं ठरलेली आहेत: उपलब्ध सेवा, रुग्णांचे हक्क, साधनं, पूरक सेवा, उपचार, जंतुसंसर्गावर नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम. मूल्यमापन करणारा हातात तपासणी यादी घेऊन केंद्रात फिरतो. प्रत्येक मुद्द्यापुढे लिहिलेलं असतं की हे डोळ्यांनी पाहायचं, कर्मचाऱ्याला विचारायचं, नोंदवहीत शोधायचं की रुग्णाला विचारायचं. पूर्ण असेल तर दोन गुण, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य. आधी केंद्राने स्वतःचं मूल्यमापन करायचं, मग राज्याचं पथक, मग राष्ट्रीय. ७० टक्क्यांची पायरी ओलांडली की प्रमाणपत्र, त्याची मुदत तीन वर्षं. २०२४ पासून उपकेंद्रांचं मूल्यमापन दृक्‌श्राव्य पद्धतीने दुरूनही होऊ लागलं आहे.

ही यादी विचारपूर्वक केलेली आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. नर्सला विचारायचं आहे, की हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखवा. बाळंतिणीला विचारायचं आहे, की तुम्हाला कुणी पैसे मागितले का. सरकारने स्वतःच्या दवाखान्यात शिरून रुग्णाला हा प्रश्न विचारण्याची सोय करावी, ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ पुरस्काराने तर अनेक केंद्रांचं रूप खरोखर पालटलं. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत जैविक कचरा वेगळा होऊ लागला, संडासाला कडी आली, आवारात झाडं आली. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या केंद्राला मिळणाऱ्या दोन लाखांनी बाकीच्यांतही चुरस लावली. स्वच्छ केंद्रात लोकांचा पाय वळतो, ही लहान बाब नाही.

अडचण येते ती पथकाच्या तारखेभोवती. तारीख ठरली की महिनाभर आधी केंद्र जागं होतं. फायली रंगीत होतात, भिंतीवर नवे फलक लागतात, शेजारच्या केंद्रातून उपकरण उसनं येतं, राहिलेल्या नोंदी एका बैठकीत भरल्या जातात. सिस्टर बाह्यरुग्ण विभाग सांभाळून रात्री रजिस्टरं पूर्ण करत बसतात. पथक समाधानाने परततं, प्रमाणपत्र येतं, आणि पुढची दोन वर्षं अकरा महिने कुणी त्या यादीकडे वळून पाहत नाही. यादी बरोबर, वापर चुकीचा. बाहेरच्याने येऊन तपासायची वस्तू असं तिचं रूप झालं. तिची पहिली पायरी म्हणजे केंद्राने स्वतःचं मूल्यमापन करणं. सर्वांत मोलाची पायरी तीच, आणि सर्वांत घाईने उरकली जाते तीही तीच.

नोंदींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळं घोडं तिथे अडतं. कुठल्याही केंद्रातलं गरोदर मातांचं रजिस्टर उघडा आणि रक्तदाबाच्या रकान्यावरून बोट खाली आणा. १२०/८०, ११०/७०, १२०/८०, १२०/८०. मध्ये एखादा १३०/८०. हिमोग्लोबिनच्या रकान्यात १०, १०, १०.५, १०. तीस बायकांची हिमोग्लोबिनं अशी एका रांगेत उभी राहत नाहीत. यंत्राचा पट्टा सैल आहे, किंवा यंत्र डॉक्टरांच्या खोलीत आहे आणि रांग बाहेर, किंवा तपासणी झालेलीच नाही आणि रकाना रिकामा ठेवायची भीती आहे. हाच रकाना महिन्याच्या शेवटी ‘चार तपासण्या पूर्ण’ या आकड्यात मिसळतो, तालुक्याला जातो, जिल्ह्याला जातो, २००८ पासून चालू असलेल्या आरोग्य माहिती व्यवस्थापन प्रणालीवर चढतो आणि दिल्लीच्या आलेखात हिरवा दिसतो. ज्या एका बाईचा १६०/११० होता आणि जिला झटका येणार होता, ती या प्रवासात कुठेच दिसत नाही.

त्याच केंद्रात, त्याच इमारतीत, लसींच्या शीतपेटीवर लटकवलेली दुसरी एक वही असते. सकाळी आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आतल्या तापमानमापकाचा आकडा तिच्यात लिहायचा. दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या मध्ये तो हवा. बाहेर गेला, तर काय करायचं हे भिंतीवर लिहिलेलं असतं: लसी शीतखोक्यात हलवा, अमक्या ठिकाणी पोचवा, अमक्याला कळवा. चांगल्या केंद्रात या वहीतला आकडा ५.४ असतो, कधी ६.१, कधी ३.८. तो हलतो, म्हणून तो खरा आहे. का खरा आहे? जो माणूस आकडा वाचतो, त्यालाच त्या आकड्यावर लगेच काहीतरी करता येतं, आणि आकडा वाईट निघाला म्हणून त्याला कुणी बोल लावत नाही. लपवला, तर मात्र लावतात. दर्जाच्या देखरेखीबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते सगळं या दोन वह्यांमधल्या फरकात आहे. आकडा ज्याच्या हातात पहिल्यांदा पडतो, त्याच्याच हातात तो बदलण्याचा अधिकार आणि साधन असेल, तर आकडा खरा राहतो आणि कामही सुधारतं. आकडा फक्त वर पाठवण्यासाठी असेल, तर वरच्याला आवडेल असाच तो येतो.

याचा सर्वांत वेदनादायक दाखला महाराष्ट्रानेच पाहिला. २००१ साली गडचिरोलीची ‘सर्च’ संस्था आणि राज्यातल्या इतर स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अभ्यासातून दिसलं, की सरकारी नोंदींमध्ये बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फारच कमी दाखवले जातात. मृत्यू लपवणारे कर्मचारी काही क्रूर नव्हते. मृत्यू नोंदवला की जाब विचारला जाई आणि न नोंदवला की कुणाला कळत नसे. अशा व्यवस्थेत कुठलाही माणूस दुसराच रस्ता धरणार. विधिमंडळात गदारोळ झाला, राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. बालमृत्यूची नोंद हा शिक्षेचा विषय नसून शोधाचा विषय आहे, ही भाषा सरकारी कागदात तेव्हापासून आली. ती प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत उतरली आहे, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

उद्दिष्टांचा इतिहासही हेच सांगतो. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांचं टार्गेट आरोग्य सेविकांपासून तलाठी-शिक्षकांपर्यंत सगळ्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. मार्च जवळ आला की ‘केसेस’ शोधायला धावपळ सुरू व्हायची. शेवटी एप्रिल १९९६ पासून केंद्राने ही उद्दिष्टं अधिकृतपणे रद्द केली. ब्रिटनने २००४ साली जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांना दर्जाच्या निर्देशांकांवर पैसे द्यायला सुरुवात केली. मधुमेह आणि दम्याच्या उपचारांत सुरुवातीला झपाट्याने सुधारणा झाली, मग वेग मंदावला, आणि ज्या बाबींना पैसे जोडलेले नव्हते त्यांची काही अंशी पीछेहाट झाली. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ती पद्धत सोडूनच दिली. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरं म्हणवल्या जाणाऱ्या उपकेंद्रांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या पगारात आता दरमहा १५ हजारांपर्यंतचा भाग १५ निर्देशांकांवर अवलंबून असतो. या तरुण मुलामुलींनी उपकेंद्रांत जीव ओतून काम केल्याची उदाहरणं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पण पगाराचा मोठा हिस्सा ज्या आकड्यावर टांगलेला आहे, तोच आकडा त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे भरावा, ही अपेक्षा माणसाकडून जरा जास्तच आहे. निदान या १५ पैकी चार-पाच निर्देशांकांची पडताळणी तरी बाहेरच्या कुणी घरी जाऊन करायला हवी.

नियोजनाची स्थिती देखरेखीपेक्षा वेगळी नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा वार्षिक आराखडा कागदावर गावापासून वर जातो. प्रत्यक्षात गेल्या वर्षीच्या आराखड्यात आकडे बदलून तो तयार होतो, कारण कोणत्या शीर्षाखाली किती पैसे येणार, हे बव्हंशी वरूनच ठरलेलं असतं. केंद्राचं ‘अपेक्षित काम’ लोकसंख्येला जन्मदराने गुणून निघतं. या गुणाकारात बीड जिल्ह्याचं काय होतं, ते पाहा. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की गावंच्या गावं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गरोदर बाई, तिचं वर्षाचं मूल, दोघंही कारखान्याच्या तळावर. गावातल्या केंद्राच्या नावावर ती बाकी राहते, तळाजवळच्या केंद्राच्या यादीत ती येत नाही. दोन्ही केंद्रांचे आकडे चुकतात आणि मधल्या मधे तिच्या लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि बाळाच्या लसी राहून जातात. २०१९ मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला, चौकशी समिती बसली. त्या शस्त्रक्रियांमागे खासगी दवाखान्यांचा लोभ होता तसाच, वर्षातले पाच-सहा महिने या बायकांना प्राथमिक सेवेत जागाच नसते हाही भाग होता. स्थलांतराचा हिशेब धरणारा आराखडा करायला कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. मुकादमाची यादी आणि दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांची ऑक्टोबरमधली एक बैठक पुरते.

औषधांचं दुखणं जुनं आहे. खरेदीचं काम २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे गेलं, पुढे २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण करण्यात आलं. केंद्राच्या पातळीवर मात्र प्रश्न एवढाच असतो, की मागणी कळवल्यावर गोळ्या कधी येणार. रुग्ण कल्याण समितीकडे असलेला वर्षाचा पावणेदोन लाखांचा निधी अशा वेळी उपयोगी पडावा, म्हणूनच दिलेला आहे. पण लेखापरीक्षणाच्या धास्तीने अनेक वैद्यकीय अधिकारी तो फेब्रुवारीपर्यंत हातच लावत नाहीत आणि मार्चमध्ये खुर्च्या घेतात.

मग सुधारणा होते कशी? कारखान्यांच्या जगातून, शूहार्ट आणि डेमिंग यांच्या विचारातून आलेली एक पद्धत आरोग्यात गेली काही दशकं वापरली जाते: छोटा बदल ठरवा, करून पाहा, परिणाम तपासा, टिकवा किंवा टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाने आणि दिल्लीच्या ‘एम्स’ने मिळून तिचं सोपं, दवाखान्यातल्या माणसांसाठीचं रूप तयार केलं आहे. समजा, एका केंद्राने ठरवलं की तपासणीच्या वारी येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा रक्तदाब खरोखर मोजायचा. पहिल्या आठवड्यात फक्त मोजायचं, की आज किती जणींचा होतो. कुणावर खापर फोडायचं नाही. समजा निघालं, शंभरात चाळीस. मग डॉक्टर, सिस्टर, शिपाई, आशा सगळे एकत्र बसून कारणं लिहितात. यंत्र एकच आहे. ते आतल्या खोलीत आहे. वजन-नोंदणी-इंजेक्शन एका टेबलावर होतं, त्यामुळे बायका तिथूनच घरी जातात. सेल संपले की आठवडाभर कुणी आणत नाही. यांतली एकच गोष्ट पुढच्या वारी बदलायची: यंत्र नोंदणीच्या टेबलावर आणायचं आणि रक्तदाब लिहिल्याशिवाय कार्ड पुढे सरकवायचं नाही. एका दिवसाचा प्रयोग. गर्दी तुंबली? मग दुसरी खुर्ची लावून पाहायची. दर आठवड्याचा टक्का भिंतीवरच्या कागदावर ठिपक्याने मांडायचा. सहा आठवड्यांत तो ठिपका कुठे जातो, हे केंद्रातल्या शिपायालाही दिसतं. यात पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. लागतो तो आठवड्यातला अर्धा तास, आणि ‘आपलं केंद्र’ म्हणणारा एक माणूस.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत आणि त्या सांगायला हव्यात. उत्तर प्रदेशात १२० दवाखान्यांमध्ये ‘बेटरबर्थ’ नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. निम्म्या ठिकाणी सुरक्षित बाळंतपणाची तपासणी यादी दिली आणि आठ महिने प्रशिक्षक येऊन सिस्टरांच्या बाजूला उभे राहून शिकवत राहिले. प्रयोग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, इतर ठिकाणी ४२ टक्के. प्रशिक्षकांचं येणं थांबल्यावर ७३ चे ६२ झाले. आणि माता व नवजात बालकांच्या मृत्यूंत दोन्ही गटांत फरक पडला नाही. रीत सुधारूनही जीव का वाचले नाहीत? ज्या बाईला रक्त लागतं, शस्त्रक्रिया लागते, ज्या बाळाला विशेष कक्ष लागतो, त्यांच्यासाठी पुढचं रुग्णालय तयार नसेल, तर एकट्या प्रसूतिकक्षातली सुधारणा अपुरी पडते, असा याचा अर्थ मी लावतो. काही कृती सुधारल्या आणि काही निर्णायक कृती राहिल्या, हेही असेल.

याउलट जिथे आजार दीर्घ आहे, उपचार साधा आहे आणि केंद्रातच पुरा होऊ शकतो, तिथे ही वाट फार दूरवर नेते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीला पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे सुरुवातीपासून त्यात होते. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. राज्याचा एकच ठरलेला उपचारक्रम, म्हणजे पहिली गोळी कोणती, महिन्याने दाब उतरला नाही तर पुढे काय, हे लिहिलेलं. त्यामुळे औषधांची मागणी नेमकी करता येते आणि रुग्णाला महिन्याभराच्या गोळ्या एकदम देता येतात. नर्सने मोजायचं, डॉक्टरने ठरवायचं, आशाने न आलेल्याच्या घरी जायचं. आणि देखरेखीचा प्रश्न एकच: नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे, आणि किती जण आलेच नाहीत? किती शिबिरं घेतली, किती जणांना तपासलं, किती पत्रकं वाटली, हे प्रश्न मागे पडले. न आलेल्या रुग्णांची यादी केंद्रातच छापून निघते आणि तिचा उपयोग केंद्रालाच असतो. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा त्या यादीचं कौतुक जास्त आहे.

आतापर्यंत मोजणारे सगळे यंत्रणेतलेच होते. ज्यांच्यासाठी केंद्र आहे, त्यांनी मोजलं तर? महाराष्ट्राचं या बाबतीतलं काम देशात पहिल्या ओळीत बसतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये लोकाधारित देखरेख नऊ राज्यांत सुरू झाली. आपल्याकडे अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे घेतले गेले आणि राज्यभरचं समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे आलं. गावाची समिती बसते, नर्सबाई किती वेळा आल्या, लस वेळेवर मिळाली का, केंद्रात डॉक्टर भेटतात का, औषध मिळतं का, यावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देते. अक्षर न येणाऱ्या आजीलाही तो तक्ता वाचता येतो. मग जनसुनावणी. मांडवात एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला तालुका आणि जिल्ह्याचे अधिकारी. बाहेरून औषध आणायला लिहून दिलेली चिठ्ठी कुणीतरी खिशातून काढून टेबलावर ठेवतो, आणि ‘आमच्याकडे सगळा साठा आहे’ हे वाक्य तिथेच थांबतं. या पद्धतीने फेरीगणिक हिरव्या शेऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं, केंद्राबाहेर औषधसाठ्याचे फलक लागले, बेकायदा पैसे घेणं कमी झालं. सुरुवातीला डॉक्टर मंडळींना हा स्वतःवरचा खटला वाटला. काही जनसुनावण्यांत भाषा तशी झालीही. पण अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आलं, की रिकामं पद, नादुरुस्त गाडी, न येणारी औषधं हे त्यांचे स्वतःचे प्रश्न गावकरी त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात आणि वरिष्ठांसमोर मांडतात. निधी आटत गेला तसा हा उपक्रमही क्षीण झाला. राज्याने तो स्वतःच्या अंदाजपत्रकातून सर्व जिल्ह्यांत चालवायला हवा होता, अजूनही हवा.

याची मुळं इथल्याच मातीत आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या, बहुतेक निरक्षर, दलित बायका आरोग्यसेविका म्हणून उभ्या राहिल्या. दर आठवड्याला त्या केंद्रात जमत, गावात काय घडलं ते सांगत, शिकत आणि परत जात. आढावा आणि प्रशिक्षण तिथे एकच होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. हजार जिवंत जन्मांमागे ६२ वर असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून आशांमार्फत देशभर राबवलं गेलं. त्या यशात जंतुसंसर्गावर आरोग्यदूतांनी दिलेल्या इंजेक्शनचा वाटा होता, तसाच दर पंधरवड्याला गावात येऊन वही आणि बाळ दोन्ही तपासणाऱ्या डॉक्टरचाही होता. देशभर नेताना आपण आशाच्या हातात घरभेटींचा तक्ता दिला आणि पंधरवड्याला येणारा तो डॉक्टर वगळला.

म्हणूनच देखरेख करणाऱ्या मधल्या फळीबद्दल बोलणं निकडीचं आहे. आरोग्य सहाय्यक, आरोग्य सहाय्यिका (एलएचव्ही), आशांच्या गटप्रवर्तक यांचं मूळ काम सेविकेच्या शेजारी बसून शिकवण्याचं. आज ही माणसं अहवाल गोळा करतात आणि पोर्टलवर चढवतात. अनेक पदं रिकामी आहेत. भरलेली बरीचशी कंत्राटी आहेत, आणि २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम होण्यासाठी संपावर जावं लागलं. दहा-बारा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या नर्सकडून दर्जाची दीर्घ पल्ल्याची अपेक्षा ठेवताना, तिच्या नोकरीच्या दर्जाचा आढावा कुणी घ्यायचा?

एक गोष्ट मात्र पैशाशिवाय, नव्या शासन निर्णयाशिवाय उद्या करता येईल. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांचं. त्यामुळे केंद्राने पुढे पाठवलेल्या बाळंतिणीचं काय झालं, हे केंद्राला कळत नाही. तिचा झटका थांबला का, बाळ जगलं का, आपण वेळेत पाठवलं का, गाडीत झटक्यावरचं मॅग्नेशियम सल्फेट दिलं ते पुरेसं होतं का? पाठवणाऱ्या सिस्टरला हे कधीच समजलं नाही, तर पुढच्या वेळी ती काय वेगळं करणार? तालुक्याच्या मासिक बैठकीत ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांनी महिनाभरात आलेल्या प्रत्येक संदर्भित रुग्णाची चिठ्ठी, मागे परिणाम लिहून, त्या-त्या केंद्राच्या हातात द्यावी. बैठकीचा पहिला तास त्या चिठ्ठ्यांवर जावा आणि टक्केवारीचा तक्ता त्यानंतर पडद्यावर यावा.